पुरवून

“विसरले नाही हो सिस्टर. पुरवून घेतली.”

आजींनी हे इतक्या सहज सांगितलं, तोवर माझं पेन चौकोनापाशी पोचलंही होतं. प्रश्न होता, ‘गेल्या दोन आठवड्यांत औषध घ्यायला कधी विसरलात का?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही. अजून बावीस प्रश्न उरले होते, मग रक्तदाब मोजायचा होता, आणि तो अंधारा जिना उतरून आणखी दोन घरं करायची होती. विसरल्या नाहीत, म्हणजे खरं तर ‘नाही’. पण गोळ्या तर चुकल्या होत्या, आणि आमच्या अभ्यासाला ते चुकणंच मोजायचं होतं. मी जराशी घुटमळले, ‘हो’वर खूण केली, समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘पुरवून’ असं लिहिलं आणि पुढचा प्रश्न वाचला. संध्याकाळी संगणकात माहिती भरायला बसले तेव्हा त्या रकान्यात एकच आकडा मावत होता. मी 1 दाबलं. समासातला शब्द कागदावरच राहिला आणि कागद कपाटात गेले.

शब्द मात्र कपाटात गेला नाही.

पुरवून. आवडीचं पुस्तक आपण पुरवून वाचतो, संपू नये म्हणून. पाणी नसेल त्या दिवशी बादली पुरवून वापरतो. त्या शब्दात पुढचे दिवस मोजलेले असतात. विसरणाऱ्याच्या डोक्यात ती वस्तू नसते, आणि पुरवणाऱ्याच्या डोक्यात दुसरं काही नसतं. मी ज्या बाईला विसरभोळी ठरवून आले होते, ती दिवसातून चार वेळा त्या गोळ्यांचा हिशेब करत होती. हे मला त्या खोलीतच कळायला हवं होतं, कारण पुरावा समोर होता. पत्र्याचा एक चपटा डबा, झाकणाची कड एका बाजूला चेपलेली. आत गोळ्यांच्या पट्ट्या, पण पट्ट्या म्हणून उरलेल्या नव्हत्या. कात्रीने एकेक गोळी तिच्या चंदेरी कागदासकट चौकोनी कापून सुटी केलेली. त्यामुळे कुठल्याच तुकड्यावर पूर्ण नाव नव्हतं, कुठे दोन अक्षरं, कुठे नुसता आकडा, आणि मुदतीची तारीख तर पट्टीच्या ज्या टोकाला छापलेली असते ते टोक केव्हाच फेकलेलं. मी विचारलं, मग ओळखता कशी? आजींनी डोळे मिटून डब्यात बोटं घातली, एक तुकडा काढला, अंगठ्याने चाचपला. “ही लांबुडकी. साखरेची.” दुसरा काढला. “ही एवढीशी, धडधडीची.” बरोबर होतं. कोपऱ्यात वहीच्या कागदाची एक पुडी होती. तिच्यात अर्ध्या केलेल्या गोळ्या आणि त्यांचा पांढरा भुगा. भुगासुद्धा टाकलेला नव्हता.

बरं, हे कापणं-चुकवणं वाटेल तसं नव्हतं. आजींचं त्याचं एक शास्त्र होतं आणि ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं, कारण सही झाली होती, कागद संपले होते आणि मी बॅग आवरत होते. (खरं बोलणं नेहमी बॅग आवरतानाच का निघतं, यावर कुणीतरी वेगळा अभ्यास करायला हवा.) रक्तदाबाची एक गोळी एक दिवस चुकली तरी दुसऱ्या दिवशी काही जाणवत नाही, म्हणून ती त्या एक दिवसाआड घेत. दुसरी चुकली की छातीत धडधडतं, म्हणून तिला कधी हात लावला नाही. साखरेची अर्धी करत, पण अर्धी घेतली की पोटात ढवळतं अशी तक्रार होती. कोलेस्टेरॉलची घेतली काय न घेतली काय, काहीच कळत नाही, म्हणून ती सगळ्यात आधी बंद झाली. मी चिठ्ठी पुन्हा उघडून पाहिली. पहिली होती अम्लोडिपिन. ती शरीरातून निम्मी व्हायलाच 30 ते 50 तास लागतात, एखादा दिवस चुकला तर फार बोभाटा होत नाही. दुसरी होती मेटोप्रोलोल, बीटा ब्लॉकर जातीतली, म्हणजे हृदयाचे ठोके आवरणारी. ही एकदम थांबवली तर हृदय उसळी घेतं, आधीपासून हृदयाचं दुखणं असेल तर झटकाही येऊ शकतो. साखरेची गोळी हळूहळू विरघळणारी होती, जी कापायचीच नसते, कारण कापली की तिची हळूहळू विरघळण्याची रचना मोडते आणि औषध एकदम बाहेर येऊ शकतं. मी हे पुस्तकातून पाठ केलं होतं. आजींनी ते स्वतःच्या छातीवर आणि पोटावर शोधून काढलं होतं, आणि चारपैकी जी गोळी थांबवणं सगळ्यात धोक्याचं, नेमकी तीच नियमित ठेवली होती.

इथे कौतुकात वाहून जायचा मोह होतो. मला झाला. पण त्याच शास्त्राने कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली होती, कारण तिचा परिणाम जाणवत नाही. रक्तवाहिनीत काय साचतं ते बोटांनी चाचपता येत नाही. वाढलेला रक्तदाबही बहुतेकांना जाणवत नाही. अंगाला जे कळतं तेवढ्यावर बेतलेला हिशेब दहा वेळा बरोबर येतो आणि अकराव्या वेळी माणूस जातो. बार्बरा रीगल आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2012 साली जुनाट आजारातल्या स्वतःच्या देखभालीचा जो सिद्धांत मांडला, त्यात तीन गोष्टी आहेत: रोजचं सांभाळणं, शरीरावर लक्ष ठेवणं, आणि बदल दिसला की त्यावर काहीतरी करणं. मी तो परीक्षेत आकृतीसह लिहिला होता. आजी त्यातल्या दुसऱ्या गोष्टीत माझ्या पाहण्यात आलेल्या कुणाहीपेक्षा तरबेज होत्या, आणि तिसऱ्या गोष्टीत त्यांच्या हाताशी कात्रीशिवाय काही नव्हतं.

आमची प्रश्नावली काही आम्ही घरी बनवलेली नव्हती. औषध नियमित घेतलं जातं का हे विचारण्याची एक जुनी, प्रतिष्ठित पद्धत आहे. डोनाल्ड मोरिस्की आणि सहकाऱ्यांनी 1986 साली चारच प्रश्नांची छोटी मोजपट्टी प्रसिद्ध केली. औषध घ्यायला विसरता का, वेळेच्या बाबतीत हयगय होते का, बरं वाटलं की थांबवता का, आणि औषधाने त्रास झाला तर थांबवता का. पुढे जगभरच्या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी ती वापरली, भाषांतरं केली, वाढवली. चारही प्रश्न चांगले आहेत. पण ते चारही असं धरून चालतात की गोळी घरात आहे. घेणारा विसरेल, आळस करेल, शहाणपणा करेल, घाबरेल, पण डबा भरलेला असेल. पैशापायी औषध कमी घेता का, असं थेट विचारणाऱ्या प्रश्नावल्याही आहेत, हे मला तेव्हाही माहीत होतं. आम्ही त्या घेतल्या नाहीत, कारण मुलाखत लांबत होती आणि म्हातारी माणसं थकतात. हे कारण मी स्वतःच बैठकीत दिलं होतं. मला चांगलं आठवतं, कारण तेव्हा मला आपण फार सहृदय असल्यासारखं वाटलं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा 2003 चा एक अहवाल आहे. विकसित देशांतही जुनाट आजाराचे जेमतेम निम्मे रुग्ण दीर्घकाळची औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात, असं त्यात म्हटलंय. हा ‘निम्मे’ आमच्या क्षेत्रात प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात भेटतो, माझ्याही भेटतो. तो वाचून मला वर्षानुवर्षं एक ओळ दिसायची: निम्मी माणसं घेणारी, निम्मी न घेणारी. आता डबा दिसतो, ज्यात निम्म्या गोळ्या आहेत. त्याच अहवालात गरिबी, आरोग्यसेवा, आजाराचं स्वरूप, उपचाराची किचकट रचना ही सगळी कारणं रुग्णाच्या स्वभावाच्या बरोबरीने मांडलेली आहेत. उद्धृत करताना आम्ही ती पानं उलटत नाही. कॅलिफोर्नियातला एक अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. कमी उत्पन्नाच्या लोकांत रक्तातली साखर एकाएकी उतरून इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण महिन्याच्या पहिल्या आठवड्यापेक्षा शेवटच्या आठवड्यात 27 टक्क्यांनी जास्त होतं. जास्त उत्पन्नाच्या लोकांत अशी चढउतार नव्हती. तिथे औषध पुरलं होतं, जेवण पुरलं नव्हतं. सांगितल्याबरहुकूम गोळी घेऊन माणूस भोवळ येऊन पडतो आणि आमच्या मोजपट्टीवर त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात.

आमच्या प्रस्तावात या लोकांसाठी ‘दुर्बल घटक’ असा शब्द होता. अनुदानाच्या अर्जात तो लागतोच. इंग्रजीतला व्हल्नरेबल हा शब्द निदान ‘जखम होऊ शकणारा’ एवढंच सांगतो, कोण वार करतंय ते सांगत नाही. आपला शब्द तर सरळ माणसालाच दुबळं म्हणून मोकळा होतो. फ्लास्करूड आणि विन्स्लो या दोघींनी 1998 साली हा विचार जरा बरा मांडला होता. आधी साधनं कमी पडतात, त्यातून धोका वाढतो, त्यातून प्रकृती ढासळते, आणि ढासळलेली प्रकृती पुन्हा साधनं खाते. सुरुवात साधनांपासून आहे, स्वभावापासून नाही. ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने तर 1971 सालीच लिहून ठेवलं होतं की चांगल्या वैद्यकीय सेवेची जिथे सगळ्यात जास्त गरज, तिथेच ती सगळ्यात कमी मिळते. हे सगळं मी शिकवते. विद्यार्थिनी वहीत उतरवून घेतात. आणि तरीही जिना चढून एका खोलीत गेल्यावर माझ्या पेनाने ‘विसरल्या’वर खूण केली.

ज्युलिएट कॉर्बिन ही परिचारिका आणि अन्सेल्म स्ट्रॉस हा समाजशास्त्रज्ञ. त्यांनी जुनाट आजार घेऊन घरी राहणाऱ्या जोडप्यांशी बोलून 1988 साली पुस्तक लिहिलं, आणि त्यात आजार सांभाळण्याला सरळ ‘काम’ म्हटलं. आजाराचं काम, रोजच्या संसाराचं काम, आणि आपण आता कोण उरलो हे जुळवून घेण्याचं काम. मला हे वाचताना नेहमी आईचा गुडघ्यावर हात ठेवून उठण्याचा आवाज आठवतो. आपल्याकडे जुनाट आजाराला घरात कुणी जुनाट आजार म्हणत नाही, ‘जुनं दुखणं’ म्हणतात, जणू ते घरातलं जुनं माणूस आहे. आईचं दुखणं घरातल्या सगळ्या कामांच्या मधे बसवलेलं असायचं. कपडे वाळत घातले की गोळी, दुपारी आडवं व्हायच्या आधी पायाला पट्टी. आम्हाला ते काम म्हणून दिसलंच नाही, कारण तिने कधी त्याची रजा मागितली नाही. 2009 साली कार्ल मे, व्हिक्टर मॉन्टोरी आणि फ्रान्सिस मेअर यांनी उलट बाजूने लिहिलं: वैद्यकच माणसावर इतकं काम लादतं की ते पेलवत नाही म्हणून तो चुकतो, तेव्हा जगण्यात कमीत कमी ढवळाढवळ करणारं वैद्यक हवं. आजींची चिठ्ठी मी त्या नजरेने पुन्हा पाहिली. चार गोळ्या, तीन वेळा, दर महिन्याला दोन वेगवेगळ्या ठिकाणी रांग, आणि वर आम्ही: तासभराची मुलाखत, दर तीन महिन्यांनी.

त्या दिवशी निघताना आजी म्हणाल्या, “डॉक्टरांना सांगू नका हं. रागावतात.”

सांगणार नाही, असं मी म्हटलं, आणि ते म्हणणं मला सोपं गेलं, कारण संमतिपत्रात गुप्ततेचा परिच्छेद होता. जिना उतरताना पाय जड झाले. संशोधक म्हणून मी बरोबर होते. परिचारिका म्हणून मला ठाऊक होतं की ही बाई हळूहळू विरघळणारी गोळी सुरीने कापते आहे. या दोन टोप्या एका डोक्यावर घालण्याचा आमच्या व्यवसायाचा इतिहास काही निर्मळ नाही. अमेरिकेत टस्कीगी इथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं गरीब कृष्णवर्णीय पुरुषांच्या सिफिलिसचा ‘अभ्यास’ चालला. 399 जणांना तो आजार होता, 201 जणांना नव्हता. मधेच त्यावरचं औषध, पेनिसिलिन, आलं, पण त्यांना ते दिलं गेलं नाही. या साऱ्या वर्षांत त्या माणसांच्या ओळखीचा, भरवशाचा चेहरा होता युनिस रिव्हर्स या परिचारिकेचा. ती स्वतः कृष्णवर्णीय होती. ती त्यांना गाडीतून तपासणीला न्यायची, घरी जाऊन विचारपूस करायची. माणसं चाळीस वर्षं टिकून राहिली, यात तिच्यावरच्या मायेचा वाटा मोठा होता. या प्रकरणानंतर माणसांवरच्या संशोधनाची नीतितत्त्वं सांगणारा 1979 चा बेलमाँट अहवाल आला, संमतिपत्रं आली, माझ्या बॅगेतला तो गुप्ततेचा परिच्छेदही त्याच वाटेने आला. रिव्हर्सला खलनायिका ठरवणं मला जमत नाही, आणि निर्दोष ठरवणंही जमत नाही. ती गाडीतून उतरून कुणाच्या दारात हसून उभी राहिली असेल, ते हसणं मला ओळखीचं वाटतं एवढंच. मी तसंच हसून जिना चढते.

चार दिवसांनी मी परत गेले. अभ्यासाच्या वेळापत्रकात ती भेट नव्हती. आजींना म्हटलं, डॉक्टरांना तुमचं नाव घेऊन काही सांगणार नाही, पण तुम्ही परवानगी दिलीत तर चिठ्ठी सोपी करता येईल का असं विचारते. त्यांनी ते ऐकून घेतलं, मग डबा पुढे केला आणि विचारलं, “ते राहू दे. यातली कुठली कापायची नाही तेवढं सांगा.” आता काय सांगायचं? सांगावं तर कापण्याला माझी संमती. न सांगावं तर मी जाईपर्यंतच सुरी लपणार. मी सांगितलं. ही कापायची नाही. ही कधीच एकदम थांबवायची नाही, जे चाललंय ते बरोबर चाललंय. साखरेची अर्धीच घ्यायची वेळ येत असेल तर तिची साधी, कमी ताकदीची गोळी मिळते, ती लिहून मागा. आणि जी बंद केलीय ती कशासाठी असते ते पुन्हा एकदा सांगते, मग ठरवा. आजी लक्ष देऊन ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी कापू नये त्या गोळ्यांच्या चंदेरी कागदाचा एक कोपरा दुमडून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे बोटाला कळावं. पंधरा मिनिटांत सगळा डबा नव्याने लावून झाला.

आमच्या मार्गदर्शक बाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चष्मा काढला. निरीक्षणाच्या अभ्यासात संशोधकाने हात घातला की ते घर बिघडलं. आकडेवारीच्या भाषेत आजी आता ‘दूषित’ झाल्या होत्या. त्यांची पुढची नोंद विश्लेषणात घ्यायची की वगळायची यावर आमची अर्धा तास चर्चा झाली आणि शेवटी टीप देऊन ठेवायचं ठरलं. ही चर्चा खोटी नव्हती. दहा परिचारिकांनी दहा घरांत असा हात घातला तर आपण नेमकं काय मोजलं ते कुणालाच सांगता येणार नाही. मेरी नेलर आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1999 साली 363 वृद्धांवर चाचणी केली. इस्पितळातून घरी गेलेल्या माणसांकडे अनुभवी परिचारिका जात राहिल्या, तेव्हा 24 आठवड्यांत पुन्हा दाखल व्हावं लागणाऱ्यांचं प्रमाण 20 टक्के राहिलं, ज्यांच्याकडे त्या गेल्या नाहीत त्यांच्यात ते 37 टक्के होतं. तिथे हात घालणं हाच अभ्यास होता, आधीच ठरवून, लिहून, दुसऱ्या गटाशी ताडून. माझं तसं नव्हतं. मी पहिल्यांदा चुकीची खूण केली होती आणि दुसऱ्यांदा नियम मोडला होता, आणि दोन्हींपैकी नियम मोडण्याची टीप छापली गेली.

निबंधातल्या तक्त्यात औषध चुकण्याच्या कारणांत ‘विसरणे’ सगळ्यात वर आलं. त्यावरून शिफारस निघाली, आठवण करून देणारे संदेश पाठवावेत. एका परिषदेत मी ती पडद्यावर दाखवली. टाळ्याही पडल्या. पडद्यावरच्या आलेखात ‘विसरणे’चा जो उंच खांब होता, त्यात किती जण विसरलेले आहेत आणि किती पुरवणारे, ते मला आता सांगता येत नाही. इतर मुलाखती घेणाऱ्यांच्या समासात काय लिहिलं होतं ते पाहायला मी एकदा कपाट उघडलं. बहुतेकांचे समास कोरे होते. दोन ठिकाणी ‘नीट सांगत नाहीत’ असं लिहिलं होतं. एका कागदावर नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

पुढच्या फेरीसाठी मी भांडून एक प्रश्न वाढवून घेतला. भाषा ठरवायलाच तीन बैठका गेल्या. कुणी म्हटलं ‘आर्थिक अडचणीमुळे मात्रा कमी करता का’, कुणी म्हटलं ‘काटकसर’. शेवटी मी आजींचाच शब्द पुढे केला, तो चालला. ‘औषध जास्त दिवस टिकावं म्हणून तुम्ही ते पुरवून घेता का?’ खाली दोन चौकोन.

तीन महिन्यांनी तोच जिना. आजींचा रक्तदाब पहिल्यापेक्षा बरा होता, चिठ्ठीत साखरेची गोळी बदललेली होती. म्हणजे त्यांनी मागून घेतली होती. मला बरं वाटलं. मी ओळीने प्रश्न विचारत गेले आणि त्या प्रश्नापाशी आले तेव्हा जरा हसूनच वाचला, आपल्या दोघींतलं काहीतरी असल्यासारखा. आजींनी कागदाकडे पाहिलं. छापील अक्षरांवरून त्यांची नजर फिरली, मग माझ्या छातीवर लावलेल्या ओळखपत्रावर आली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “सगळ्या वेळेवर घेते.”

उशाशी डबा होता. झाकण नीट बसलेलं नव्हतं, आणि फटीतून कोपरा दुमडलेला एक चंदेरी तुकडा दिसत होता. मी ‘नाही’वर खूण केली. पेनाला टोपण लावेपर्यंत आजी माझ्या हाताकडे बघत होत्या. मग मी बॅग आवरायला घेतली, जमेल तितकी सावकाश.